सहा अक्षरांचं अंतर

थर्मोकोलचा डबा उघडला की आधी थंड हवा हाताला लागते आणि मग एकेक गाव वर येतं. केज, धारूर, माजलगाव, गेवराई, परळी. रक्त जांभळ्या टोपणाच्या बोटाएवढ्या नळीत असतं. नळीवर बारकोडची पट्टी आणि सोबतच्या अर्जावर कुणा डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात लिहिलेला पत्ता. पुण्याच्या आमच्या जनुकीय तपासणीच्या प्रयोगशाळेत असे डबे रोज सकाळी येतात. त्या रक्तातून डीएनए वेगळा काढायचा, त्यातल्या नेमक्या एका जागी काय लिहिलं आहे ते वाचायचं आणि वाचलेलं खरं आहे याची खात्री झाल्यावरच सही करायची, हे माझं काम. बारकोड लागला की नाव मागं पडतं, पडायलाच हवं. पण पिन कोडचे पहिले तीन आकडे ४३१ दिसले की माझा हात क्षणभर थांबतो. आणि कधीतरी, फार क्वचित, पत्त्यात घाटनांदूर असतं. तो नमुना मी सहकाऱ्याकडं देते. ओळखीच्या माणसाचं रक्त आपण वाचू नये, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, आणि गावातलं कोण आपल्या ओळखीचं नसतं?

घाटनांदूर अंबाजोगाई तालुक्यातलं, बालाघाटाच्या रांगेतलं गाव. बाहेरच्यांना ते माहीत असतं ते रेल्वेमुळं. परळी वैजनाथ ते लातूर रोड या मार्गावर आमचं स्टेशन आहे. निजामाच्या राजवटीत विकाराबाद, बिदर करत हे रूळ परळीपर्यंत आले, त्यामुळं आमच्या जुन्या माणसांना पुण्यामुंबईच्या आधी हैदराबाद ठाऊक होतं. जमीन काळी. पाऊस झाला तर सोयाबीन आणि त्यात तूर, पाण्याची सोय असेल त्याचा ऊस. चैत्र-वैशाखात रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या एका चांगल्या पावसानं त्या मिटतात. दसरा झाला की आसपासच्या वाड्यातांड्यांवरून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून जोडपी ऊसतोडीला निघतात, सांगली-कोल्हापूरकडं, पार कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. लेकरं सोबत, नाहीतर म्हाताऱ्यांजवळ. सहा महिने ही माणसं ज्या पत्त्यावर नसतात तोच पत्ता आमच्या अर्जावर असतो. रिपोर्ट तयार होतो आणि दिलेल्या नंबरवर फोन लागत नाही, तेव्हा आमच्या ऑफिसातली मुलगी वैतागते. मी तिला सांगते, चिडू नकोस, फड दुसऱ्या शिवारात हलला असेल, संध्याकाळी कोप्यांवर परतल्यावर लाव.

आजी होती तोवर सुट्टीला गेलं की विचारायची, “काय करायलीस गं तिथं पुण्यात?”

“रगत तपासते, आजी.”

“मग त्यात काय दिसतंय? माणूस दिसतंय का?”

त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. रक्तात माणूस दिसत नाही. एक अक्षर दिसतं. कधी ते जागेवर असतं, कधी नसतं. पण त्या एका अक्षरावर एका घराचं पुढचं सगळं आयुष्य बेतलेलं असतं. म्हणून ते वाचताना माणूस विसरायचा असतो आणि वाचून झाल्यावर पुन्हा आठवायचा असतो. या दोन्हींमधली जागा हेच खरं आमचं काम, असं मला वाटतं.

आता डीएनए काढायची कामं बरीचशी यंत्रं करतात. मी शिकले ती पद्धत जुनी. लाल पेशी फोडून धुऊन टाकायच्या, खाली उरलेल्या पांढऱ्या पेशींची आवरणं विरघळवायची, त्यांतली प्रथिनं मिठाच्या तीव्र द्रावणानं खाली बसवायची आणि वरच्या नितळ पाण्यात बर्फगार अल्कोहोल नळीच्या कडेनं हळूच सोडायचं. नळी उलटीसुलटी केली की काहीच नव्हतं तिथं एक पांढरा धागा जमू लागतो. काचेच्या काडीवर तो गुंडाळता येतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बोलायचं विसरले होते. आजही नव्या मुलांना ही पद्धत एकदा तरी करायला लावते. ज्याच्या नावानं आपण जन्मभर काम करणार ते डोळ्यांनी पाहिलेलं असावं.

एका पेशीतला हा धागा सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. त्यावरची अक्षरं चारच, ए, टी, जी, सी, पण आईकडून आलेल्या प्रतीत ती सुमारे तीनशे कोटी आणि बापाकडून आलेल्या प्रतीत तेवढीच. हे सांगताना मला अंबाजोगाईची पासोडी आठवते. सोळाव्या शतकात दासोपंतांनी आमच्या या मुलखात बसून सुमारे चाळीस फूट लांब कापडावर पंचीकरण लिहिलं. पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो, कोणत्या तत्त्वाचा कोणता अंश कशात मिसळतो, याचा विचार त्यांनी अंगावर पांघरायच्या वस्त्रावर मांडला. शाळेच्या सहलीत ती पासोडी दाखवताना गुरुजींनी आम्हाला रांगेत उभं केलं होतं. त्या वेळी कळलं एवढंच, की देह समजून घ्यायला कुणीतरी हाताभराचा कागद पुरणार नाही असं मानलं होतं. पुढं मी ज्या लिखाणाच्या नादी लागले ते कापडावरचं नव्हतं, पण देह कशाचा बनतो हे लांबच लांब पट्टीवर वाचायची हौस मला घाटनांदूर-अंबाजोगाईच्या रस्त्यावरच लागली, हे मी मनापासून मानते.

सहाशे कोटी अक्षरांतून आपल्याला हवी ती दोनतीनशे अक्षरं शोधायची कशी? त्याला पीसीआर लागतं. नमुना ९५ अंशांपर्यंत तापवायचा, धाग्याचे दोन पदर सुटतात. साठच्या आसपास आणायचा, आपण बनवून टाकलेले डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, आपापली जागा शोधून चिकटतात. ७२ अंशांवर एक विकर पुढची अक्षरं जोडत जातं. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त. ज्या विकरावर हे सगळं चालतं ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या कढत झऱ्यांतल्या एका जिवाणूतून आलं. थॉमस ब्रॉक तिथं निव्वळ कुतूहलानं गेले होते, आणि १९६९ मध्ये त्यांनी त्या जिवाणूची ओळख जगाला करून दिली. कॅरी मुलिस यांना पीसीआर सुचलं १९८३ मध्ये आणि दहा वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्याही आधी, १९७१ मध्ये, हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतून या कल्पनेचा आराखडा कागदावर आला होता. खुराना पंजाबातल्या शंभरेक वस्तीच्या खेड्यातले, वडील गावचे पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठीच. त्या गावात लिहिता-वाचता येणारं घर जवळपास त्यांचं एकटंच. ज्यांना वाटतं की असली विद्या मोठ्या शहरांतच जन्मते, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

या कामातली खरी शिस्त मात्र कुणा नोबेलवाल्यांनी शिकवलेली नाही. ती रिकाम्या नळीनं शिकवली. प्रत्येक खेपेला एका नळीत सगळं टाकायचं, फक्त डीएनए टाकायचा नाही. शेवटी त्या नळीत काहीही दिसता कामा नये. दिसलं, तर हवेतून, हातमोज्यातून, पिपेटच्या टोकातून कुणाचा तरी धागा आत शिरला आहे, आणि त्या दिवसाचं सगळं काम फेकून नव्यानं सुरू करायचं. नमुन्याच्या खोलीतला कोट वाढवलेल्या डीएनएच्या खोलीत न्यायचा नाही, तिथला इकडं आणायचा नाही. आमच्या प्रयोगशाळेत आवाज कमी असतो. यंत्रांची घरघर, उणे ऐंशीच्या फ्रीजरचं दार लागल्याचा धप्प आवाज, आणि मान खाली घालून एकेका खळग्यात थेंब सोडणारी माणसं. दोन मायक्रोलिटर म्हणजे नुसता ओलावा. बोलण्याच्या नादात खळगा चुकला, तर एका घरचं दुखणं दुसऱ्या घरी जाईल.

मराठवाड्यातून आमच्याकडं येणाऱ्या नमुन्यांत रक्ताचे आजार पुष्कळ. त्यांतल्या थॅलेसेमियाविषयी मला थांबून सांगायचं आहे. बीटा ग्लोबिन नावाच्या जनुकात एखादं अक्षर बदललेलं असतं. आपल्या देशात सर्वांत जास्त सापडणारा बदल एका ठिकाणचा आहे, जी हवा तिथं सी. ज्याच्या दोन प्रतींपैकी एकीतच असा दोष, त्याला फारसं काही होत नाही, रक्त जरासं कमी एवढंच. आपल्या देशात शंभरात तीन-चार जण असे वाहक आहेत आणि बहुतेकांना ते ठाऊक नाही. दोन वाहकांचं लग्न झालं आणि दोघांकडूनही सदोष प्रत आली, तर लेकरू जन्मल्यावर काही महिन्यांत पांढरं पडू लागतं. मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं. आयुष्यभर. रक्तातून साठत जाणारं लोह काढायची औषधं वेगळी. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे म्हणून आमच्या भागातल्या माणसाला निदान रात्रीबेरात्री जायला एक दार आहे. तिथल्या वॉर्डात मी अशा लेकरांच्या आया पाहिल्या आहेत. एका हातानं लेकराचं सलाइन लावलेलं मनगट सांभाळतात, दुसऱ्या हातानं शेंगा फोडून त्याच्या तोंडात घालतात. रक्त मिळालं की त्याच रात्रीच्या एसटीनं परत, कारण सकाळी रोजगार बुडवायचा नसतो.

आणि या आयांना घरात काय ऐकावं लागतं, तेही मी ऐकलं आहे. हिच्या माहेरचं रक्तच खराब. हिनं पोटुशी असताना अमुक खाल्लं. हिच्या पायगुणानं झालं. मला माझ्या विद्येतलं एकच वाक्य गावोगावच्या पारावर उभं राहून सांगायला मिळालं, तर मी हे सांगेन: असं लेकरू जन्मतं ते आई आणि बाप दोघांच्या एकेका प्रतीमुळं, नेमकं अर्धं-अर्धं, त्यात आईचा वाटा कणभरही जास्त नाही. आमच्या रिपोर्टवर दोघांची नावं एकाखाली एक छापलेली असतात, दोघांपुढं एकेक बदल. मला तो कागद फार न्यायी वाटतो. एका जोडप्यातल्या बापानं तो कागद दोनदा वाचला, मग बायकोकडं पाहिलं आणि म्हणाला, “म्हंजे माझंबी हाय.” ती काहीच बोलली नाही. पण तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले. तेवढ्यासाठी हे शास्त्र शिकल्याचं सार्थक झालं, असं मला त्या दिवशी वाटलं.

चारात एक, हे मात्र समजावून सांगणं अवघड जातं. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता चारात एक. लोक हिशोब लावतात, एक आजारी झालं, आता पुढची तीन धडधाकट होणार. तसं नाही हो. प्रत्येक वेळी पहिल्यापासून चारात एक. आधीच्या लेकरानं पुढच्याचा वाटा उचललेला नसतो. हे सांगताना समोरच्या बाईचा चेहरा पाहवत नाही, तरी सांगावंच लागतं. गोड बोलून हे लपवणारा माणूस तिचं वाईट करतो, या मतावर मी ठाम आहे.

आणखी एक गोष्ट आमच्याकडं सांगावी लागते, आणि ती ऐकणाऱ्याला झोंबते. नात्यातली सोयरीक. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात महाराष्ट्राची जागा उत्तर आणि दक्षिणेच्या मधे दाखवली. उत्तरेत नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत आवडीचं, आणि आपल्याकडं मामाची मुलगी चालते, आतेबहीण सहसा नाही. तेलंगण-कर्नाटकाला लागलेल्या आमच्या पट्ट्यात काही समाजांत तर मामा-भाचीचंही लग्न होतं. त्यामागं माया असते, हे मी जाणते. शेत वाटलं जात नाही, लेक परक्याच्या हाती पडत नाही, म्हातारपणी सून म्हणून भाचीच समोर असते. माझ्याही घरात अशी लग्नं आहेत आणि ती सुखाची आहेत. पण आतेभाऊ-मामेबहीण किंवा मावसभावंडं एकमेकांशी आठवा हिस्सा वाटून घेतात, मामा आणि भाची चौथा हिस्सा. एरवी घराण्यात पिढ्यान् पिढ्या गप्प बसलेली एखादी सदोष प्रत अशा लग्नात दोन्हीकडून एकत्र यायची शक्यता वाढते. मुंबईत १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो रक्तगट जगापुढं मांडला, ज्याला आज सारं जग बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं, तो असाच दोन गप्प प्रती एकत्र आल्यावर दिसतो. साध्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो, पण त्या माणसाला ‘ओ’ रक्तही चालत नाही, त्याच गटाचं लागतं. भारतात सुमारे दहा हजारांत एक माणूस असा. जगाच्या वैद्यकीय पुस्तकांत आपल्या मुंबईचं नाव ज्या शोधानं गेलं, तो शोध आपल्याच सोयरिकींचा इतिहास सांगतो, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून मी कुणाला नात्यात लग्न करू नका असं दरडावत नाही. करायचंच असेल तर आधी दोघांची रक्ततपासणी करा, एवढं म्हणते.

हे सगळं सांगण्याचं झालं. आता न सांगण्याचं.

दोघं वाहक आहेत, बाईला दिवस गेले आहेत, आणि पोटातल्या लेकराला आजार आहे का हे पाहायचं आहे. अकराव्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टर वारेचा कणभर तुकडा काढतात. आमच्याकडं तो द्रावणात येतो, बारीक फांद्या फुटलेले पांढरे तंतू. सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं त्याला चिकटलेला आईचा भाग सोडवायचा. तो राहिला, तर आपण लेकराचं म्हणून आईचंच रक्त वाचू आणि सगळा निर्णय चुकेल. म्हणून एक जास्तीची चाचणी करतात. डीएनएच्या ठरावीक जागा आईच्या आणि गर्भाच्या नमुन्यात ताडून पाहतात. या चाचणीच्या तयार संचात अनेकदा आणखी एक जागा असते, अमेलोजेनिन नावाच्या जनुकातली. दातांच्या इनॅमलसाठी लागणारं हे जनुक एक्स गुणसूत्रावरही असतं आणि वायवरही. नेहमीच्या चाचणीत एक्सवरचा तुकडा १०६ अक्षरांचा, वायवरचा ११२. मुलगी असेल तर पडद्यावर एक शिखर उमटतं, मुलगा असेल तर शेजारी-शेजारी दोन.

सहा अक्षरं. सहाशे कोटींत सहा.

आणि मी बीड जिल्ह्याची आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागं बीडमध्ये मुली होत्या ८०७. साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी. दहा वर्षं आधी हाच आकडा ८९४ होता. २०१२ साली आमच्या शेजारच्या परळीचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं ते वैजनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळं नाही, मुलींचे गर्भ पाडल्याच्या प्रकरणामुळं. पुढं त्यात न्यायालयानं शिक्षाही सुनावली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्यानं १९८८ मध्ये केला होता, केंद्राचा १९९४ चा त्यानंतर. म्हणजे कायदा होता, यंत्रंही होती, आणि लोकांनी यंत्राचं ऐकलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण सांगते, प्रार्थनेला मुलामुलींच्या रांगा शेजारी-शेजारी उभ्या करायची आणि मुलींची रांग आधीच संपायची. त्या जनगणनेत मोजलेली मुलं आता शाळा-कॉलेजात आहेत. त्यांच्याहून मोठ्या पोरांच्या सोयरिकीसाठीच आता घरोघर मुली शोधतात आणि म्हणतात, पोरीच नाहीत बघा. कुठून असतील?

मी घरातली दुसरी मुलगी. मी जन्मले तेव्हा आमच्या घरात कुणी आधी विचारलं नव्हतं, कारण आमच्याकडं विचारायची सोय नव्हती. काही वर्षांनी जन्माला आले असते तर काय झालं असतं, हा विचार मी अर्ध्यावर सोडून देते. पण गर्भाचा नमुना हाताखाली आला की तो पुन्हा येतो.

केंद्राच्या त्या कायद्यात एक कलम आहे. गर्भाचं लिंग आईला किंवा तिच्या नातेवाइकांना शब्दांनी, खुणांनी किंवा दुसऱ्या कोणत्याही रीतीनं कळवायचं नाही. ‘दुसऱ्या कोणत्याही रीतीनं’ हे शब्द ज्यानं लिहिले त्याला आपला समाज नीट ठाऊक असला पाहिजे. कारण फोन येतात. “मॅडम, रिपोर्ट तर चांगला आला, पण पेढे सांगू का बर्फी?” कुणी रडून विचारतं, कुणी ओळख सांगून, कुणी गावची शपथ घालून. मी त्यांच्याच भागातली आहे हे बोलण्यावरून कळलं तर आणखी जवळीक करून, “ताई, तुम्ही तर आपल्या घरच्या.” घरची आहे म्हणूनच सांगत नाही, असं मी म्हणते आणि फोन ठेवते. आमच्या प्रयोगशाळेत आलेखाचा तो भाग संगणकावरच झाकलेला असतो. रिपोर्टात नाही, छापील प्रतीत नाही, ईमेलमध्ये नाही, आपापसांतल्या बोलण्यातही नाही. डबा खाताना कुणी सहज बोलून जाईल, म्हणून नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात मी हे शिकवते, रिकाम्या नळीच्याही आधी.

मुख्यतः मुलग्यांमध्ये प्रकट होणारे काही आजार असतात, हिमोफिलिया, डुशेन स्नायुक्षय. कायद्यानं त्यांची तपासणी करता येते. तिथंही आम्ही लिहितो एवढंच, की गर्भाला आजार आहे किंवा नाही. त्यापलीकडची एक ओळही नाही.

काळजी आता पुढची आहे. हाँगकाँगचे शास्त्रज्ञ डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवलं की गर्भाच्या डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात फिरत असतात. त्यांनी ते ओळखले कशावरून, तर मुलगा पोटात असलेल्या आईच्या रक्तात सापडलेल्या वाय गुणसूत्राच्या खुणांवरून. या शोधामुळं सुई पोटात न घालता, आईच्या दंडातल्या रक्तावरून डाउन सिंड्रोमसारख्या गोष्टींचा अंदाज घेता येऊ लागला. फार मोठी सोय झाली, आणि मी त्या शोधाची ऋणी आहे. पण ज्या शोधाची पहिली खूणच वाय होती, तो आमच्या जिल्ह्यात कुणाच्या हाती पडेल याची धास्ती मला वाटते. सोनोग्राफीचं यंत्र निदान खोलीत बसवलेलं असतं, त्यावर धाड घालता येते. रक्ताची नळी खिशात मावते. अशा वेळी कायद्याचं शेवटचं दार म्हणजे रिपोर्टवर सही करणारा माणूस, आणि त्या दारात मी उभी आहे याचा मला अभिमान आहे. यंत्रानं जे वाचलं ते सगळं सांगायचं, असं विज्ञान म्हणत नाही. रुग्णाच्या उपयोगाचं ते सांगायचं आणि ज्यानं जीव जाईल ते पोटात ठेवायचं.

पोटात ठेवायची सवय मात्र सगळीकडं पसरू देता कामा नये. आमच्या गावांत आजार लपवतात, वाहक असल्याचं लपवतात, पोरीच्या लग्नात अडचण नको म्हणून रिपोर्ट पेटीत तळाशी घालतात. जे बोलायचं त्यावर गप्प आणि जे विचारायचं नाही तेच विचारतात. हे उलटं व्हायला हवं.

म्हणून घाटनांदूरच्या, परळीच्या, केज-धारूरच्या माझ्या बायांना आणि त्यांच्या घरच्या माणसांना एवढंच सांगणं. लग्नाआधी जमलं तर उत्तमच. नाहीतर दिवस गेल्याचं कळताच, पहिल्या तीन महिन्यांत, थॅलेसेमिया आणि सिकलसेलची रक्ततपासणी करायला डॉक्टरांना सांगा. तुमच्यात दोष निघाला तर नवऱ्याचंही रक्त लगेच तपासून घ्या, बाईला दोष देत बसू नका. फडावर असाल तर मुकादमाकडून एक दिवस सुटी मागून घ्या. रिपोर्ट कळला नाही तर आम्हाला विचारा, पुन्हा पुन्हा विचारा, आम्ही न कंटाळता सांगू. मुलगा की मुलगी, हे तेवढं विचारू नका. ते आम्ही सांगणार नाही.